मयूरीच्या लग्नाची दुसरी कॅसेट

शकील, तुझा लॅपटॉप सध्या माझ्या घरी आहे. नसीमभाभींनीच दिला. "सुधाकरभाई, अपने मयूरी का काम अधूरा पड़ा है इसमें, ले के जाओ," पडद्याआडून म्हणाल्या. मी तो आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि दोन-तीन दिवस त्याच्याकडं पाठ करून जेवलो.

हा लॅपटॉप तुला मीच निवडून दिला होता. तिथूनच सुरू करायला पाहिजे.

तुझं जुनं मशीन बंद पडलं तेव्हा ऐन उन्हाळा होता. किराडपुऱ्यातली तुझी ती पत्र्याची खोली, एका बाजूचं झाकण कायम उघडं ठेवलेलं मशीन आणि त्याच्या पोटात वारा घालणारा टेबलफॅन. कितीतरी लग्नांचं मिक्सिंग त्या फॅनच्या आवाजात झालं. शूटिंग आपण दोघं करून आणायचो, जोडायचास एकटा तू. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत. तू नुसती हार्डडिस्क काढलीस आणि रुमालात गुंडाळून माझ्या स्टुडिओत आलास. "एवढं वाचलं," म्हणालास. चेहरा असा, की घर जळालं पण माणसं सुखरूप आहेत.

त्या डिस्कमध्ये तुझे इफेक्ट होते. उमलत्या कमळात नवरीचा चेहरा, नवरदेवाच्या घोड्यामागं उधळणारा गुलाल, मंगलाष्टकांना वरून पडणाऱ्या अक्षता. त्या अक्षतांचा एकेक दाणा तू स्वतः रंगवला होतास, लाल-पिवळा. हे सगळं त्या एकाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चालायचं. त्याच्या नव्या आवृत्तीत तुझं कमळ उघडतच नव्हतं, आणि ती नवी आवृत्ती विकतही मिळत नव्हती, महिन्याच्या महिन्याला भाडं भरावं लागणार होतं. तू म्हणालास, "सुध्या, स्वतःच्या फुलांसाठी भाडं भरू का मी?"

आपण दोघं दुकानात गेलो. तू बाहेर चहा सांगायला गेलास तेव्हा दुकानदार मला म्हणाला, ह्या मॉडेलमध्ये रॅम कमी आहे आणि नंतर वाढवता येत नाही, ती आत चिकटवूनच येते. व्हिडिओचं काम असेल तर वरचं घ्या. मी म्हणालो, "नाही हो, त्यांचं काम जुन्या पद्धतीचं आहे. त्यांना एवढं पुरे."

तू चहा घेऊन आलास. मी तुला म्हणालो, मस्त आहे, घेऊन टाक. तू घेऊन टाकलास. माझ्यावर विश्वास ठेवायची तुझी सवय जुनीच.

त्या लॅपटॉपनं तुझा जीव खाल्ला. नवी सिस्टिम सुरू झाली की निम्मी रॅम तीच गिळायची. उरलेल्या जागेत तुझं जुनं सॉफ्टवेअर अंग चोरून बसायचं. आधी तर ते चढेचना. मग तू कुणाला तरी विचारून त्याला जुन्या सिस्टिमच्या पद्धतीनं चालवायला शिकलास. चढलं. कमळ टाकलंस, चाललं. कमळावर अक्षता टाकल्यास, तर स्क्रीन पांढरी झाली आणि पाटी आली, मेमरी पुरत नाही. सगळं बंद. तू मला फोन केलास आणि हसत सुटलास. "अरे ये तो मेरे सुसरे जैसा है. एक काम बोला तो करता, दूसरा बोला तो सो जाता."

मी हसलो. तक्रार म्हणून मी ते ऐकलंच नाही, आणि तूही तक्रार म्हणून सांगितलं नाहीस.

मग तू वाट काढलीस. आख्खं लग्न एकदम उघडायचं नाही, तुकडे करायचे. हळद वेगळी, अंतरपाट वेगळा, पंगत वेगळी. एका तुकड्यावर एकच इफेक्ट टाकायचा, तो पक्का करून बाहेर काढायचा, सॉफ्टवेअर बंद करायचं, पुन्हा उघडायचं आणि त्या पक्क्या तुकड्यावर दुसरा इफेक्ट टाकायचा. काम करताना चित्र धुरकट, पाव आकाराचं बघायचं. बाकी काहीही चालू ठेवायचं नाही, इंटरनेटसुद्धा. मी एकदा आलो तेव्हा तू त्या अंधुक चित्रात डोळे घालून बसला होतास. "दिसतं का काही?" मी विचारलं. "दिसतं की. ही नवरीची आत्या, हा रुसलेला मामा." तुला माणसं चालण्यावरून ओळखू यायची.

आपलं भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. मी जालना रोडला स्टुडिओ टाकला, ड्रोन घेतला, दोन एडिटर ठेवले आणि तुला बोलावणं कमी होत गेलं. वाद व्हायचे ते फक्त फुलांवरून. मी म्हणायचो, शकील, आता लोक हसतात रे ह्या कमळाला. तू म्हणायचास, "हसू दे. हसून झालं की लोक आपलं तोंड शोधतात. कॅसेटमध्ये लोक दुसरं काहीच बघत नाहीत. आपण कुठंय, आपली माय कुठंय." पिशोरची, लासूर स्टेशनची माणसं शेवटपर्यंत तुझ्याकडंच यायची. मी त्याला तुझं 'खेड्यातलं गिऱ्हाईक' म्हणायचो. मी स्वतः करमाडचा, आणि असं म्हणायचो.

मग मयूरीचं लग्न ठरलं.

लहानपणी तुझ्या खोलीत गोधडीवर झोपलेली माझी पोरगी, तुला शकीलचाचा म्हणणारी. तिच्या लग्नाचं शूटिंग कोण करणार हा प्रश्न तुझ्या डोक्यात आलाही नसेल. मी पुण्याच्या एका टीमला काम दिलं. त्यांचे नमुने मला आवडले होते, आणि खरं सांगू, मुलीच्या सासरच्यांसमोर मला कमळ नको होतं. तुला मात्र सांगितलं, "मुलाकडचे लोकच शूटिंगवाले आणतायत, माझं काही चाललं नाही."

तू म्हणालास, "अरे मग बरंच की! आजपर्यंत कुठल्या लग्नात गरम जेवलोय मी? ह्या लग्नात पहिल्या पंगतीला बसतो."

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

नसीमभाभींचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून लग्नाला तू एकटाच आलास. मी मुलीचा बाप, माझं कुठंच लक्ष नव्हतं. दारात तुला मिठी मारल्याचं आठवतं, आणि "जेवल्याशिवाय जाऊ नको" म्हणाल्याचं. तू पहिल्या पंगतीला बसलास की नाही, ते मी बघितलं नाही.

पुण्याच्या टीमची फिल्म छान झाली. सगळे म्हणाले. करमाडला आईला दाखवली, तर ती शेवटपर्यंत वाट बघत बसली आणि संपल्यावर म्हणाली, "झाली? ह्यात सोयरे कुठं हायेत? माही भैन पिशोरहून आली व्हती, ती नाय दिसली. पंगत नाय दिसली. नुसती पोरगी न् पोरगा, हळूहळू चालायलेत. शकीलला सांग, तो नीट करून दील."

म्हणून मी तुझ्याकडं आलो. दुसऱ्यांनी केलेलं शूटिंग एका डिस्कमध्ये भरून तुझ्यापुढं ठेवलं आणि म्हणालो, आईसाठी एक आपल्या पद्धतीची करून दे. 'आपल्या पद्धतीची' म्हणालो मी. लाज वाटायला पाहिजे होती. तू डिस्क हातात घेतलीस. "आईसाठी ना? करतो."

ते शूटिंग प्रचंड जड होतं. माझ्या स्टुडिओतल्या मशीनलासुद्धा घाम फुटेल असं. तुझा लॅपटॉप त्याचा एक शॉट उघडायचा आणि मान टाकायचा. तुझ्या जुन्या सॉफ्टवेअरला तर तो प्रकार ओळखूच येत नव्हता. म्हणजे आधी एकेक शॉट लहान करायचा, जुन्या प्रकारात बदलायचा, मग तुझ्या तुकड्यांची सगळी कसरत. तू तेही सुरू केलंस. मग एका दुपारी तुझा फोन आला.

"सुध्या, पंगतीचं आणि पाठवणीचं शूटिंग लहानच होईना. रात्रंदिवस मशीन चालू ठेवतो आणि मधेच बंद पडतं. तुझ्या स्टुडिओत एक दिवस बसू का? फक्त लहान करून घेतो. बाकीचं माझं मी इथं करतो."

मी म्हणालो, "मशीनवर कामं चालू आहेत रे, पोरं बसलीत. सोड ना, एवढी काय घाई आहे? आई काय कुठं पळून चालली?"

"हौ, घाई तर नाय," तू म्हणालास. "बघतो."

त्याच्या पुढच्याच जुम्म्याला तू नमाज पढून घरी आलास, पाणी मागितलंस आणि पाणी येईपर्यंत गेलास. मला फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला ड्रोनचे शॉट दाखवत होतो. तुझ्या जनाज्याला मी खांदा दिला. कब्रस्तानात सगळ्यांबरोबर माती दिली. लोक माझ्याकडं बोट दाखवून एकमेकांना सांगत होते, हा त्याचा जोडीदार. मी मान हलवत होतो.

शेवटी एका सकाळी मी लॅपटॉप उघडला. तुझं काम बघितलं. हळद झालेली, सीमांतपूजन झालेलं, अंतरपाट झालेला. पंगत आणि पाठवणी बाकी. मी ते दोन भाग डिस्कवरून स्टुडिओत नेले आणि मोठ्या मशीनवर लहान करायला लावले. तू ज्याच्यासाठी एक दिवस मागितला होतास ना, ते मी जेवून येईपर्यंत झालं होतं. पूर्ण झाल्याची पाटी वाचत मी खुर्चीत बसून राहिलो. एडिटर विचारत होता, सर, काय झालं.

पुढचं सगळं तुझ्याच लॅपटॉपवर करायचं होतं, कारण तुझं सॉफ्टवेअर दुसरीकडं आता चढतच नाही. मयूरी माहेरी आली होती, ती शेजारी बसली. आम्ही दोघांनी पंगत उघडली, कमळ टाकलं, आणि पांढरी स्क्रीन. पुन्हा उघडलं. पुन्हा पांढरी. मी टेबलावर हात आपटला. मयूरी म्हणाली, "बाबा, चाचा असं करायचे का?" तू असं कधीच केलं नाहीस. मग आम्ही तुझ्यासारखे तुकडे केले, अजून लहान केले. एक तुकडा बाहेर यायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात भाजी निवडून व्हायची. ती पट्टी मुंगीच्या पायानं सरकायची आणि आम्ही तिच्याकडं बघत बसायचो. मला सारखं वाटत होतं, तू एकटा बसायचास, शेजारी कुणी नसायचं. आणि हे सगळं एवढं कठीण असायची काही गरज नव्हती. वरच्या मॉडेलचं एक मशीन, किंवा माझ्या स्टुडिओतली एक खुर्ची. तुझं काम जुनं झालं नव्हतं रे, मीच ते कमी जागेत कोंबलं होतं.

पण काम करता करता मला एक गोष्ट कळली, आणि ती तुला सांगायची राहिली. पुण्याच्या पोरांनी टाकून दिलेल्या शूटिंगमधून तू काय काय वेचलं होतंस! वाकून जोडे शोधणारे आमचे काका. जांभई देणारा भटजी. मयूरीची आई, दाराआड उभी राहून डोळे पुसून पुन्हा हसरं तोंड करून बाहेर येणारी. मी तिच्याबरोबर एवढी वर्षं राहतोय, तो क्षण मी बघितला नव्हता. तुझ्या अक्षता पडतात तेव्हा त्या आधी मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांवर पडतात आणि मग नवरानवरीवर. हे तू मुद्दाम केलं होतंस. आपण वीस वर्षं फुलांवरून वाद घातला आणि मी तुझं मिक्सिंग नीट कधी बघितलंच नव्हतं.

कॅसेट पूर्ण झाली. आई अजून कॅसेटच म्हणते, तू पण म्हणायचास. करमाडला नेऊन तिला दाखवली. तिची बहीण आली तसं तिनं पडद्याला हात लावला. एकेकाचं नाव घेत गेली. संपल्यावर म्हणाली, "समदे हायेत. शकील कामून नाय ह्यात?"

"तो करणारा होता ना, आई."

"लग्नात कुठं करत व्हता? माह्यापाशीच तर बसला व्हता लई येळ. जेव म्हनलं तर नंतर जेवतो म्हनला. हुडक त्याला. आसंल कुठंतरी."

मी परत येऊन सगळं मूळ शूटिंग काढलं आणि तुला शोधत बसलो. कित्येक तासांचं शूटिंग, शकील, आणि तू सापडेनास. शेवटी मयूरीलाच दिसलास. मावशी ज्या शॉटमध्ये येते, त्याच्या अगदी आधी. तू मंडपाच्या खांबापाशी उभा आहेस. पांढरा इस्त्रीचा सदरा. कॅमेरा फिरत येतो, तुला ते कळतं, तू झटकन बाजूला होतोस आणि मागं दबून उभ्या असलेल्या मावशीला हातानं पुढं बोलावतोस. आवाजही आलाय. "मावशी, जरा इकडं सरका, दिसत नाय तुम्ही." मावशी सरकते. तिथून पुढचं तू कॅसेटमध्ये घेतलं होतंस. तुझ्यापुरता तुकडा कापून टाकला होतास.

तुझ्या खांद्याला कॅमेऱ्याची बॅग होती. तुझी ती काळी, जुनी. चेन लावलेली. मी मयूरीला म्हणालो, सवय गं, लग्न म्हटलं की बॅग आलीच. आम्ही तो तुकडा मावशीच्या आधी जोडला. त्याच्यावर काहीच टाकलं नाही. तरी लॅपटॉप दोनदा बंद पडला.

मग भाभींचा निरोप आला, एकदा आम्हाला पण दाखवा. भाभी इद्दतीत आहेत, तुझ्यामागं चार महिने परक्या पुरुषासमोर यायच्या नाहीत, म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसलो आणि मयूरी लॅपटॉप घेऊन पडद्याच्या आत गेली. मला फक्त ऐकू येत होतं. सनई, मंगलाष्टकं, आणि मधेमधे भाभींचा आवाज.

"कितना अच्छा निकाले इनो. देख तेरी अम्मी रोती थी, वो बी पकड़े."

भाभी बोलतच होत्या. "उस दिन फजर की नमाज के बाद से बैटऱ्या चार्जिंग को लगाए थे. मैं बोली, आज तो मेहमान बन के जाओ. तो बोले, पागल है क्या, अपनी बच्ची की शादी है, दूसरा कोई निकालेगा क्या?"

शकील, मी त्या बाहेरच्या खोलीत बसलो होतो, समोर तुझ्या चपला अजून दाराशी होत्या, आणि तेव्हा मला ती बॅग कळली. तू घरी सांगितलंच नव्हतंस. माझी थाप तू तेव्हाच ओळखली असणार. मी तुला काम दिलं नाही हे भाभींना कळू नये, त्यांच्या नजरेत मी उतरू नये, म्हणून तू चार्ज केलेल्या बॅटऱ्यांची बॅग खांद्याला लावून लग्नाला आलास, दिवसभर ती उघडली नाहीस आणि संध्याकाळी परत घेऊन गेलास. आणि नंतर पुण्याच्या पोरांचं शूटिंग महिनाभर घरात बसून जोडलंस, भाभींसमोर, स्वतःचं म्हणून. कॅसेटमधून स्वतःला कापलंस ते ह्याच्याचसाठी. शूटिंग करणारा शूटिंगमध्ये कसा दिसेल?

मला उठून आत ओरडून सांगायचं होतं, तिथंच बंद कर मयूरी. पण तोपर्यंत तुझा आवाज आला. मावशी, जरा इकडं सरका.

आत कॅसेट थांबली.

"फिर से चला," भाभी म्हणाल्या. पुन्हा तुझा आवाज. पुन्हा एकदा. मग त्यांनी विचारलं, "ये कौन निकाला इनका?"

मयूरीनं पडद्याची कड जरा बाजूला करून माझ्याकडं बघितलं. खरं सांगायचं तर तुझं खोटं उघडं पडत होतं. आणि खोटं सांगायचं तर मी पुन्हा एकदा सुटत होतो.

"मी," मी म्हणालो. "मी काढला, भाभी. कॅमेरा थोडा वेळ मी घेतला होता."

"अच्छा किए, भाई," भाभी म्हणाल्या. "उमर भर सबके निकालते रहे, इनका कोई नै निकाला था."

पडद्याआडून मी कुणालाच दिसत नव्हतो, तरी मला मान वर करता आली नाही.